आधी बॅटरीचा उजेड, मग पेट स्कॅन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीतून एक चकचकीत पत्रक आमच्या भागात घरोघर गेलं. ‘एकाच स्कॅनमध्ये संपूर्ण शरीराची कॅन्सर तपासणी’ असं मोठ्या अक्षरांत, खाली सवलतीचा दर आणि फोन नंबर. पत्रक कोणाचं होतं हा माझा विषय नाही. मी सांगली-मिरज भागातल्या एका केंद्रात याच स्कॅनवर, म्हणजे पेट-सीटीवर, तंत्रज्ञ म्हणून काम करते. रुग्णाची साखर बघायची, इंजेक्शन द्यायचं, तासभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि मग त्याला मशीनवर झोपवायचं, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे येणाऱ्यांत तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे रुग्ण पुष्कळ असतात. सोमवारपासून ते पत्रक हातात धरून माणसं आमच्या काउंटरवर उभी राहताहेत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्य तर न कापता छापावं.

पेट-सीटी हा फार मोलाचा स्कॅन आहे. मी त्याच्यासोबत इतकी वर्षं काढली आहेत की त्याच्याविरुद्ध लिहिणं मला जमणारही नाही. पण तोंडात आलेली जखम कॅन्सरची आहे का, हे ठरवण्याची ती पहिली पायरी नाही. ते ठरवायला बॅटरीचा उजेड, डॉक्टरांचं हातमोजा घातलेलं बोट आणि जखमेच्या कडेचा एक छोटा तुकडा लागतो. पेट-सीटीचं काम त्यानंतर सुरू होतं: रोग कुठवर गेलाय, मानेतल्या गाठींपर्यंत थांबलाय की छातीत उतरलाय, आणि उपचार संपल्यावर काही शिल्लक राहिलंय का. या क्रमाची उलटापालट झाली की गरीब माणसाचे पैसे जातात, आणि पैशांपेक्षा महाग असलेले आठवडे जातात.

पत्रक घेऊन आलेल्यांत इचलकरंजीचे एक यंत्रमाग कामगार होते. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा, त्याच्या मधोमध दोन महिने न भरलेली जखम. स्कॅनसाठी त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. आमच्या डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंसुद्धा मुश्किलीने आत जात होती. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, हे आपल्याकडच्या प्रत्येक तंबाखू, मावा, गुटखा, खर्रा खाणाऱ्याला माहीत असायला हवं. डॉक्टरांनी त्यांचा स्कॅन केला नाही, त्यांना सरळ कान-नाक-घसा विभागात तुकडा तपासणीसाठी पाठवलं. ते नाराज झाले. “पैसे भरायला तयार आहे तरी करत नाही,” असं बाहेर म्हणाले. त्यांची नाराजी मला समजते, कारण पत्रकाने त्यांना सांगितलं होतं की यंत्र सगळं बघतं.

यंत्र काय बघतं ते सांगते. पेट स्कॅन कॅन्सर दाखवत नाही, साखर कुठे जास्त खाल्ली जातेय ते दाखवतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढून घेतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं. आम्ही जे इंजेक्शन देतो त्याला एफडीजी म्हणतात. ते ग्लुकोजसारखंच, फक्त त्याच्या रेणूत एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं असतं. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पहिली रासायनिक पायरी पार पाडते, पण पुढे ते पचवू शकत नाही. त्यामुळे ते पेशीतच अडकून राहतं. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन नावाचा कण जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. मशीनचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी पकडतं आणि ते कुठून निघाले याचा हिशेब मांडतं. त्याच्यावर सीटीचं चित्र बसवलं की साखर खाणारी जागा नेमकी कोणत्या हाडाशेजारी, कोणत्या गाठीत आहे ते कळतं.

१९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात हे औषध पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. तयार झालं होतं ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, आणि तिथून ते विमानाने फिलाडेल्फियाला न्यावं लागलं होतं. आपल्या देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असं किरणोत्सारी औषध बनवणारं यंत्र, २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसलं. आज आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातही स्कॅन होतो, पण औषध दूरच्या सायक्लोट्रॉनवरून पहाटे निघून शिशाच्या डब्यात रस्त्याने येतं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. साडेपाच तासांनी आठवा हिस्सा उरतो. म्हणून रुग्ण उशिरा आला, किंवा चहाबरोबर बिस्किट खाऊन आला, तर त्याच्या नावाचं औषध आमच्या डोळ्यांसमोर संपत जातं आणि आम्हाला काही करता येत नाही. पुढची तारीख द्यावी लागते. ज्याला जत किंवा आटपाडीहून दुसऱ्यांदा गाडी करून यायचंय त्याला ही पुढची तारीख काय पडते, ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघते.

तयारीविषयी इथेच लिहून टाकते, कारण हे फोनवर सांगितलेलं निम्मं विसरलं जातं. सहा तास उपाशी यायचं, साधं पाणी चालतं. नाकातून नळी असलेल्या रुग्णाचं नळीतलं दूध, पेजही तेवढाच वेळ बंद हवं. घरचे “हे जेवण थोडंच आहे” म्हणून सकाळी एक वाटी देतात आणि साखर वर जाते. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर इंजेक्शनमधली साखर आणि अंगातली साखर यांची पेशीच्या दारात चढाओढ लागते, आणि चित्र फिकं येतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या मनाने जास्तही घेऊ नका. तारीख घेतानाच आमच्याकडे विचारा, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं.

इंजेक्शननंतरचा साधारण तासभर फार महत्त्वाचा असतो. त्या तासात आम्ही रुग्णाला बोलू देत नाही, मोबाइल देत नाही, काही चघळू देत नाही. लोकांना ही दादागिरी वाटते. पण बोललं की स्वरयंत्राचे स्नायू साखर खातात, चघळलं की जबड्याचे. घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाने त्या तासात मुलाशी फोनवर गप्पा मारल्या तर त्याचं स्वरयंत्र चित्रात उजळून निघतं. मग तो उजेड बोलण्याचा की रोगाचा, हे ठरवताना डॉक्टरांची परीक्षा होते. थंडी वाजली तर मान आणि खांद्याजवळची एक विशिष्ट चरबी उष्णता करण्यासाठी साखर जाळते आणि नेमकी गाठींच्या जागी ठिपके दिसतात. म्हणून आम्ही मे महिन्यातसुद्धा पांघरूण देतो. आणि एक विनंती सगळ्यांना: गालात धरलेली तंबाखू थुंकून, चूळ भरून या. कॅन्सरचं निदान झाल्यावरही गालात तंबाखू घेऊन स्कॅनला आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मला त्यांचा राग येत नाही. व्यसन किती खोल गेलेलं असतं ते कळतं आणि जीव तुटतो.

दातांविषयी आमच्याकडे कुणी आपणहून सांगत नाही. शेक (किरणोपचार) सुरू करण्याआधी खराब दात काढावे लागतात, ते बरोबरच आहे. पण दात काढून आठवडाभरात स्कॅन केला तर ती ताजी खाच साखर खेचते आणि जबड्यात रोग असल्यासारखी दिसते. सुजलेली हिरडी, पू झालेली दाढ यांचंही तसंच. चांदी भरलेले आणि धातूची टोपी बसवलेले दात तर सीटीत चमकून शेजारच्या भागाचं गणितच बिघडवतात. म्हणून जमत असेल तर स्कॅन आधी, दात नंतर. ते शक्य नसेल तर कोणता दात कधी काढला ते आम्हाला सांगा. गालाच्या रुग्णाला आम्ही गाल फुगवून एक जादा चित्र घ्यायला सांगतो, म्हणजे गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटून दिसत नाहीत. ज्यांचं तोंड उघडत नाही, ज्यांच्या ओठांना ताकद नाही, त्यांना हेही जमत नाही. तरी बिचारे प्रयत्न करतात.

आता हा स्कॅन खरा कामाला कुठे येतो ते सांगते, कारण पत्रकाच्या रागात त्याची किंमत कमी व्हायला नको.

कधीकधी माणूस फक्त मानेतली गाठ घेऊन येतो. दुखत नाही, ताप नाही. सुई तपासणीत कॅन्सर निघतो, पण तोंड, घसा, नाक सगळं बघूनही मूळ सापडत नाही. अशा वेळी पेट-सीटी टॉन्सिलच्या कुशीत किंवा जिभेच्या मुळाशी, जिथे डोळा आणि बोट नीट पोहोचत नाही, तिथला ठिपका दाखवून देतो. प्रत्येकाचं मूळ सापडतं असं नाही. चौघांपैकी एखाद्याचंच सापडतं म्हणा. पण सापडलं तर शस्त्रक्रिया आणि शेक नेमक्या जागी देता येतो, सगळा घसा भाजावा लागत नाही. यात एक अट आहे. स्कॅन आधी व्हायला हवा आणि घशातले तुकडे नंतर घ्यायला हवेत. आधीच चार ठिकाणचे तुकडे घेतले की त्या चारही जागा सुजून साखर खातात, आणि खरी जागा त्यांत हरवते. क्रम उलटा झालेले रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण फरक फक्त काही दिवसांचा असतो.

दुसरी जागा म्हणजे वाढलेला रोग. मानेत मोठ्या किंवा अनेक गाठी आहेत, किंवा रोग गळ्याच्या खालच्या भागात आहे, तेव्हा जबडा काढण्यासारखी मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी फुप्फुसात, यकृतात, हाडांत काही गेलंय का हे एकाच वेळी बघता येतं. तंबाखू आणि विडीवाल्यांत फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा दुसराच कॅन्सर त्याच वेळी लपलेला असू शकतो, तोही इथे सापडतो. छातीत रोग पसरलेला असताना कुणाचा अर्धा जबडा काढला जाऊ नये, एवढ्यासाठी मी या मशीनला मानते.

पण लहान, सुरुवातीच्या, मानेत काहीच न लागणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये गोष्ट वेगळी आहे, आणि इथे घोळ फार होतो. रोग अवयवाच्या आत किती मिलिमीटर खोल गेलाय यावर आता जिभेच्या, गालाच्या कॅन्सरची पायरी (स्टेज) ठरते. ५ आणि १० मिलिमीटर या त्यातल्या रेषा आहेत. ती खोली तुकडा, एमआरआय आणि शेवटी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सांगतो, पेट नाही. आणि मानेच्या गाठीत चार-दोन मिलिमीटरचा रोगाचा पुंजका असेल तर तो पेटला दिसतच नाही. म्हणून “पेटमध्ये मान क्लिअर आली, मग मानेचं ऑपरेशन कशाला?” असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी त्यांना सर्जनकडे परत पाठवते. मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी नेमका याच प्रश्नावर अभ्यास केला, तो २०१५ मध्ये जगापुढे आला. मानेत गाठ लागत नसलेल्या, सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांत एका गटाच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्या गटाच्या गाठ दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. हे आपल्या माणसांवर, आपल्या तंबाखूच्या रोगावर केलेलं काम आहे. पेटचा कोरा रिपोर्ट त्याच्यापुढे टिकत नाही.

या पत्रातला मला सगळ्यात जवळचा भाग आता लिहिते. चमकलेला प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो, आणि आपल्या देशात तर नसतोच, कारण आपल्याकडे क्षयरोग आहे. टीबीची गाठ पेटमध्ये कॅन्सरच्या गाठीइतकीच, कधी तिच्याहून जास्त उजळते. मानेत, छातीच्या मधल्या भागात, फुप्फुसाच्या शेंड्यात. जिभेच्या कॅन्सरच्या एका बाईंची फाइल मला विसरता येत नाही. वय पन्नाशीचं, दिवसातून दोनदा मिश्री लावायच्या. “तंबाखू खाता का?” या प्रश्नावर त्यांनी सगळीकडे ‘नाही’ सांगितलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीला तंबाखूत धरतच नाहीत, त्यामुळे आम्ही आता ‘मिश्री लावता का?’ असंच विचारतो. त्यांच्या छातीत तीन गाठी उजळल्या. रिपोर्टमध्ये आमच्या डॉक्टरांनी ‘संसर्गाचीही शक्यता, सुई तपासणी करावी’ असं स्पष्ट लिहिलं होतं. पण ते शेवटच्या ओळींत होतं आणि घरच्यांनी वरची चित्रं बघितली. वाटेत कुणीतरी ‘चौथी स्टेज’ हा शब्द उच्चारला. मुलाने ऑपरेशन रद्द करायचं ठरवलं, आईला घरी न्यायचं, जे खायला आवडतं ते द्यायचं.

सुदैवाने त्यांच्या सर्जननी ऐकून घेतलं नाही. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून गाठीचं पाणी घेतलं. टीबी निघाला. जिभेचं ऑपरेशन झालं, मानेच्या गाठी निघाल्या, टीबीची औषधंही चालू झाली. त्या बाई बऱ्या होण्याच्या रांगेत होत्या आणि त्यांना मरणाच्या रांगेत उभं केलं जात होतं, फक्त एका ठिपक्यावरून. म्हणून माझं सगळ्या नातेवाइकांना हात जोडून सांगणं आहे: पेटच्या चित्रावरून कुणाला चौथ्या स्टेजचा म्हणू नका. ज्या एका ठिकाणावर सगळा निर्णय अवलंबून आहे, तिथली सुई किंवा तुकडा मागा. डॉक्टरांना “यात टीबी असू शकतो का?” एवढं विचारायला संकोच करू नका.

रिपोर्टमधल्या आकड्याचंही तेच. एसयूव्ही म्हणून, म्हणजे ठिपक्याने किती साखर ओढली याचा, जो आकडा छापलेला असतो तो घेऊन लोक व्हॉट्सॲपवर फिरवतात. “आधी आठ होता, आता अकरा झाला, वाढला.” तो आकडा साखरेवर, वजनावर, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी झोपवलं त्यावर आणि मशीनवर बदलतो. दोन वेगळ्या केंद्रांतले आकडे शेजारी ठेवून रात्र जागून काढू नका. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच केंद्रात करा, आणि जुन्या स्कॅनची सीडी बरोबर आणा. कागद पुरत नाही, सीडी लागते.

उपचारांनंतरच्या स्कॅनबद्दल मला सगळ्यात जास्त फोन येतात. शेक आणि केमो संपून महिना झाला की घरच्यांना धीर धरवत नाही. “एकदा बघून घेऊ, गेलंय का.” मी समजू शकते. पण शेकाने भाजलेला घसा आतून आठवडेच्या आठवडे सुजलेला असतो आणि सूज साखर खाते. महिन्याभरात केलेला स्कॅन घाबरवतो, आणि त्या भीतीतून नको ते तुकडे घेतले जातात. भाजलेल्या जागेतला तुकडा लवकर भरत नाही. निदान १२ आठवडे थांबायचं असतं.

१२ आठवडे हा आकडा कुणाच्या मनातला नाही. ब्रिटनमधल्या ३७ रुग्णालयांत ५६४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, बर्मिंगहॅमचे डॉ. हिशाम मेहन्ना तिचे प्रमुख होते, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. मानेत मोठ्या किंवा अनेक गाठी असलेल्या रुग्णांना शेक आणि केमो दिलं. मग अर्ध्यांच्या मानेचं ठरल्याप्रमाणे ऑपरेशन, आणि अर्ध्यांचा १२ आठवड्यांनी पेट-सीटी, त्यात रोग दिसला किंवा शंका राहिली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी स्कॅनच्या गटातले ८४.९ टक्के आणि ऑपरेशनच्या गटातले ८१.५ टक्के जिवंत होते, म्हणजे स्कॅनवर विसंबल्याने कुणाचं नुकसान झालं नाही. आणि मानेची ऑपरेशनं स्कॅनच्या गटात ५४ झाली, ऑपरेशनच्या गटात २२१. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा उचलत नाही, मान आखडते, डोक्यावर घागर घेता येत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला या दोन आकड्यांमधला फरक कळेल. पेट स्कॅनचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात सुंदर काम आहे.

तरी ते जसंच्या तसं आपल्याकडे लावता येत नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरचे होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा रोग एचपीव्ही विषाणूमुळे झालेला, जो शेकाला चांगली दाद देतो. आपला रोग मुख्यतः गालाचा, हिरडीचा, जिभेच्या पुढच्या भागाचा, तंबाखूने झालेला, आणि त्यावर पहिला उपचार ऑपरेशनच असतो. तेव्हा गालाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी पेट-सीटी करत राहायचं, असा याचा अर्थ नाही. त्याला दर भेटीत डॉक्टरांनी तोंडात बघणं, मान चाचपणं, आणि काही खटकलं तर स्कॅन. घशाचा, स्वरयंत्राचा रोग शेक-केमोने बरा केलेल्यांसाठी मात्र १२ आठवड्यांनंतरचा तो एक स्कॅन चुकवू नका. पैसे कमी असले तरी हा नको.

आता पुन्हा पत्रकाकडे. २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पुरुषांत हा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या एसटी स्टँडसमोर त्याच्या रिकाम्या पुड्यांचा थर असतो. अशा ठिकाणी धडधाकट माणसाला दहा ते पंचवीस हजारांचा स्कॅन विकणं मला पटत नाही. त्याच्या अंगात विनाकारण किरणोत्सर्ग जातो. नुसत्या इंजेक्शनचाच सुमारे ७ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचं माप), सीटीचा वेगळा. माणसाला निसर्गातून वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. कॅन्सर झालेल्याला या किरणोत्सर्गाची काळजी करायचं कारण नाही, त्याचा फायदा कितीतरी मोठा असतो. पण निरोगी माणसाने तो का घ्यावा? शिवाय गालावरचा पातळ पांढरा चट्टा, जो वेळेत सापडला तर सगळ्यात सोपा, तो पेटला बहुधा दिसणारच नाही. माणूस ‘सगळं नॉर्मल’ असा कागद घेऊन घरी जाईल आणि पुन्हा पुडी फोडेल. मला सगळ्यात भीती या कागदाची वाटते.

संपादक महोदय, माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आपल्याकडे. आजाराविषयीची अशी पत्रकं अंकात घालण्याआधी एखाद्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवून घ्यावीत. ज्या वाचकाच्या हातात ती पडतात तो आपल्या वर्तमानपत्रावर विश्वास ठेवून ती वाचतो. त्याच जागेत कधी एवढंच छापा: तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं न जाणारं तोंड, बसलेला आवाज, न दुखणारी मानेतली गाठ, गिळताना एकाच कानात जाणारी कळ. यातलं काही असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडून दाखवा. सहसा तिथे कुणालाही उपाशी जावं लागत नाही.

दुसरी मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शेक देणाऱ्या सगळ्या रुग्णालयांकडे. शेवटचा शेक झाला की रुग्णाच्या हातात जे कार्ड देता, त्यावर शेक संपल्याची तारीख ठळक लिहा आणि तिच्याखाली ‘पुढील पेट-सीटी या तारखेच्या आधी करू नये’ असं छापून १२ आठवड्यांनंतरची तारीख हाताने भरा. आज ती तारीख आम्ही फोनवर, नातेवाइकांच्या आठवणीवरून, सणवार मोजत शोधतो: दिवाळीच्या आधी संपला की नंतर, आखाड लागला होता का. कार्डावर दोन ओळी वाढवायला नवं मशीन लागत नाही, निधी लागत नाही. आमच्या केंद्रात हे कार्ड दाखवणाऱ्याची तारीख पहिल्यांदा लावायची, असं आम्ही आपसांत ठरवलं आहे. बाकीच्या केंद्रांनीही ठरवावं.

आपली,
एक न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ, मिरज
(नोकरीत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)